उत्साह मागून येतो
(घरच्या घरी व्यायाम : एक अभ्यासपाठ)



घरच्या घरी, कोणतेही साहित्य विकत न घेता, केवळ आपल्या शरीराच्या वजनावर व्यायाम कसा सुरू करावा आणि सुरू केलेला कसा टिकवावा, हा आजच्या पाठाचा विषय आहे. व्यायामाबद्दल आपल्याकडे दोन वाक्ये नेहमी ऐकू येतात. "करायला पाहिजे, पण वेळच मिळत नाही" हे एक. "सुरू केला होता, पण राहून गेला" हे दुसरे. पहिल्याचे उत्तर सोपे आहे, कारण आज आपण जो व्यायाम पाहणार आहोत त्याला सुरुवातीला दहा मिनिटेही लागत नाहीत. दुसऱ्या वाक्याचा मात्र नीट अभ्यास करावा लागेल, म्हणून या पाठाचा अर्धा भाग त्यालाच दिला आहे.

१. पूर्वी व्यायाम वेगळा का करावा लागत नव्हता?

आपल्या वसईतील आजी-आजोबांनी 'व्यायाम' हा शब्द क्वचितच उच्चारला असेल. त्यांना त्याची गरज नव्हती. विहिरीचे पाणी ओढणे, वाडीत उकिडवे बसून खुरपणे, केळीचे लोंगर खांद्यावर घेणे, भाजीची पाटी डोक्यावर घेऊन बाजार गाठणे, भाताची लावणी करताना तासन्‌तास वाकणे, हे सारे रोजचेच होते. घरातही चूल जमिनीवर, जेवण पाटावर, शौचालय उकिडवे बसण्याचे. न मोजता दिवसाकाठी कित्येक उठाबशा होऊन जात.

गेल्या दोन पिढ्यांत हे सर्व बदलले. चुलीची जागा ओट्याने घेतली, पाटाची जागा डायनिंग टेबलाने आणि विहिरीची जागा पंपाने. बरेच तरुण सकाळी लोकल गाठतात आणि दिवसभर खुर्चीत बसून काम करतात. या सोयी वाईट नाहीत. आपल्या आईचे वाकणे कमी झाले याचा कोणाला आनंद होणार नाही? पण कामाबरोबर जी ताकद आपोआप मिळत होती, ती आता आपोआप मिळत नाही. ती ठरवून मिळवावी लागते.

२. येथे पणाला काय लागले आहे?

व्यायाम म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर पिळदार दंड येतात आणि मग आपण म्हणतो, "ते तरुणांचे काम." खरे तर ताकदीची सर्वाधिक गरज म्हातारपणी लागते.

साधारण तिशीनंतर दर दहा वर्षांत माणसाच्या स्नायूंचा सुमारे ३ ते ८ टक्के भाग कमी होतो आणि साठीनंतर हा वेग वाढतो. हे इतक्या हळूहळू घडते की लक्षात येत नाही. पहिली खूण म्हणजे खुर्चीतून उठताना हात टेकावा लागतो. मग जिन्याचा कठडा धरावा लागतो. पुढे मिस्सामध्ये गुडघे टेकले तर उठता येईल की नाही याची भीती वाटते. मग न्हाणीघरात एकदा पाय घसरतो, खुब्याचे हाड मोडते आणि माणूस अंथरुणाला खिळतो. परमप्रसाद घेऊन आजारी बंधु-भगिनींच्या घरी जाताना हे अनेकदा जाणवते. काहींना मोठा आजार नसतो. केवळ पाय दुबळे झाल्याने ते घराबाहेर पडू शकत नाहीत आणि चर्चच्या तीन पायऱ्या त्यांना डोंगरासारख्या वाटू लागतात.

स्नायूंचे दुसरेही काम आहे. जेवणानंतर रक्तात आलेली साखर मोठ्या प्रमाणात स्नायूच सामावून घेतात. स्नायू काम करीत असतात तेव्हा तर इन्सुलिनच्या मदतीशिवायही ते साखर ओढून घेतात. मधुमेह जवळजवळ प्रत्येक घराला ठाऊक असलेल्या आपल्या समाजाने ही गोष्ट विसरू नये.

आता समाधानाची बाब. गेलेली ताकद बऱ्याच अंशी परत मिळते आणि त्यासाठी कोणतेही वय जास्त नसते. अमेरिकेतील बोस्टन शहरात एका वृद्धसेवा केंद्रातील सरासरी ९० वर्षे वयाच्या अशक्त वृद्धांना आठ आठवडे पायांचा वजनाचा व्यायाम देण्यात आला. देखरेख अर्थातच तज्ज्ञांची होती. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. व्यायाम पूर्ण करणाऱ्या नऊ जणांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, म्हणजे अडीच पटींहून अधिक झाली. नव्वदीत हे होऊ शकते, तर पन्नाशीत आणि साठीत का होऊ नये?

आपली आजची स्थिती तपासण्यासाठी एक साधी चाचणी घरी करता येते. हात नसलेल्या, पक्क्या खुर्चीवर बसा. हात छातीवर घडी करून ठेवा. ३० सेकंदांत किती वेळा पूर्ण उभे राहून परत बसता येते ते कोणाला तरी मोजायला सांगा. अमेरिकेतील आरोग्य विभागाच्या तक्त्यानुसार ६० ते ६४ वयाच्या पुरुषांना १४ पेक्षा कमी व स्त्रियांना १२ पेक्षा कमी वेळा जमले, तर ते सरासरीपेक्षा कमी समजतात. ६५ ते ६९ या वयासाठी हेच आकडे १२ व ११ आहेत. आकडा कमी आला तर घाबरू नका. तो कागदावर लिहून ठेवा, तीन महिन्यांनी त्याची गरज पडेल.

३. सवय कशी घडते?

व्यायाम सोडून देणारी माणसे बहुधा स्वतःला दोष देतात. "माझ्यात इच्छाशक्तीच नाही," असे म्हणतात. या समजुतीच्या मुळाशी एक चूक आहे. आपण मानतो की आधी मनात उत्साह येतो आणि मग कृती घडते. म्हणून आपण उत्साहाची वाट पाहत बसतो.

ग्रीक तत्त्वज्ञ ॲरिस्टॉटल याने तेवीसशेहून अधिक वर्षांपूर्वी याच्या नेमके उलट सांगितले. नीतिशास्त्रावरील आपल्या ग्रंथात तो म्हणतो की माणूस घरे बांधून बांधूनच गवंडी होतो. आधी गवंडी होऊन मग घर बांधायला घेत नाही. धैर्य, संयम, न्यायबुद्धी हे गुणही असेच कृतीतून अंगी बाणतात. लक्षात घेण्यासारखी गोष्ट म्हणजे सद्गुणांविषयी बोलताना तो दाखले वारंवार व्यायामाचे देतो. अति व्यायाम आणि अपुरा व्यायाम दोन्ही ताकद नष्ट करतात, असे तो म्हणतो. क्रोटोनचा मायलो हा ॲरिस्टॉटलच्याही आधीच्या काळातला प्रसिद्ध पैलवान होता. मायलोला जे अन्न कमी पडेल ते नुकतीच सुरुवात करणाऱ्याला जास्त होईल, म्हणून योग्य प्रमाण प्रत्येकाचे वेगळे असते, असेही त्याने समजावले आहे.

याच मायलोविषयी एक जुनी दंतकथा आहे. तो एक वासरू रोज खांद्यावर उचलून चालत असे. वासरू रोज थोडे वाढत गेले, त्याबरोबर मायलोची ताकदही वाढत गेली आणि शेवटी तो पूर्ण वाढलेला बैल उचलू लागला. कथा कथाच आहे, पण व्यायामशास्त्राचा मुख्य नियम तिच्यात आला आहे: आज झेपेल एवढेच ओझे घ्या आणि ते सावकाश वाढवत न्या. आपल्यापैकी बरेच जण पहिल्याच दिवशी बैल उचलायला जातात आणि चौथ्या दिवशी कंबर धरून बसतात.

संत थॉमस अक्वायनस यांनी ॲरिस्टॉटलचा हा विचार पुढे नेला. 'सुम्मा थिऑलॉजिका' या ग्रंथात त्यांनी सवयीवर सविस्तर विवेचन केले आहे. सवय कृतीने वाढते आणि कृती थांबली की हळूहळू क्षीण होते, असे ते दाखवून देतात. माणूस म्हणजे नुसता आत्मा आणि शरीर म्हणजे त्याचे भाड्याचे घर, ही कल्पना संत थॉमस यांना मान्य नव्हती. आत्मा व शरीर मिळून एकच माणूस होतो. तेव्हा शरीराची निगा राखणे ही काही हलकी किंवा संसारी बाब ठरत नाही.

तात्पर्य, उत्साह कृतीच्या पुढे चालत नाही, मागून येतो. पाच उठाबशा काढल्यावर सहावी काढावीशी वाटते. खाटेवर पडून विचार करीत राहिल्यास पहिलीही काढावीशी वाटत नाही.

४. सुरुवातीपूर्वीची काळजी

छातीत दुखणे, थोड्या श्रमाने धाप लागणे, चक्कर येणे, आटोक्यात नसलेला रक्तदाब, हृदयविकार, अलीकडे झालेली शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण यांपैकी काही असल्यास आधी आपल्या डॉक्टरांना विचारा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेत असाल तर व्यायामाच्या वेळेविषयी डॉक्टरांशी बोला आणि साखर किंवा ग्लुकोजची पुडी जवळ ठेवा. भरल्या पोटी व्यायाम करू नका.

व्यायाम करताना श्वास रोखून धरू नये. जोर लावताना श्वास सोडावा, परत येताना घ्यावा. श्वास रोखल्याने रक्तदाब एकदम चढतो. मोठ्याने आकडे मोजले की श्वास आपोआप चालू राहतो, म्हणून सुरुवातीला तोंडाने मोजा.

पहिल्या आठवड्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या भरून येतील, जिना उतरताना जाणवतील. ते स्वाभाविक आहे, दोन-तीन दिवसांत ओसरते. पण सांध्यात तीव्र कळ येणे, एकाच बाजूला टोचल्यासारखे दुखणे किंवा छातीत जडपणा वाटणे ही थांबण्याची खूण आहे.

५. पाच व्यायाम

एक पक्की खुर्ची, एक भिंत, स्वयंपाकघराचा ओटा आणि एक चटई एवढेच साहित्य पुरेसे आहे. सुरुवातीला दोन मिनिटे जागच्या जागी चालून आणि खांदे फिरवून अंग मोकळे करा.

(१) खुर्चीच्या उठाबशा. खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. चाकांची किंवा हलकी प्लास्टिकची खुर्ची नको. थोडे पुढे सरकून बसा, पावले गुडघ्यांच्या किंचित मागे घ्या, अंग पुढे झुकवा आणि उभे राहा. बसताना मनात तीन मोजत सावकाश बसा, धपकन नको. खरी ताकद या सावकाश बसण्यातच कमावली जाते. सुरुवातीला हात टेकावे लागले तरी चालेल. सोपे वाटू लागले की खुर्चीला नुसता स्पर्श करून उठा, मग कमी उंचीचे स्टूल घ्या आणि शेवटी तालमीतल्यासारख्या पूर्ण बैठका काढा.

(२) भिंतीवरचे जोर. भिंतीपासून हातभर अंतरावर उभे राहा. तळहात छातीच्या उंचीवर भिंतीला टेकवा. डोक्यापासून टाचेपर्यंत अंग सरळ ठेवून कोपरे वाकवा, छाती भिंतीजवळ न्या आणि मागे या. कोपरे अगदी बाजूला फाकवू नका. हे जमले की ओट्यावर हात टेकून करा, मग जिन्याच्या पायरीवर, मग जमिनीवर गुडघे टेकून. जमिनीवरचा पूर्ण जोर ही शेवटची पायरी आहे. तेथे पोचायला काहींना सहा महिने लागतील. काहींना ओट्यापर्यंतच थांबावे लागेल, तरी त्यांचे काहीही बिघडत नाही.

(३) कंबर उचलणे. चटईवर पाठीवर झोपा, गुडघे वाकवून पावले जमिनीवर ठेवा. पावलांनी जमीन दाबत कंबर वर उचला, दोन मोजेपर्यंत थांबा, सावकाश खाली आणा. ज्यांना जमिनीवर बसता-उठता येत नाही त्यांनी कडक गादीच्या पलंगावर करावे. दिवसभर खुर्चीत बसणाऱ्यांचे नितंबाचे आणि पाठीच्या खालचे स्नायू आळसावलेले असतात. हा व्यायाम त्यांच्यासाठी आहे.

(४) टाचा उचलणे. ओट्याला धरून उभे राहा, दोन्ही टाचा उचलून चवड्यांवर या, क्षणभर थांबा, सावकाश खाली या. पोटऱ्यांना बळ येते आणि तोलही सुधारतो. पुढे हेच एका पायावर करता येते. याच ठिकाणी, ओटा हाताशी ठेवून, एकेका पायावर दहा सेकंद उभे राहण्याचा सराव करा. पडण्याची भीती असलेल्यांसाठी हा सराव फार मोलाचा आहे.

(५) फळी. इंग्रजीत याला प्लँक म्हणतात. ओट्यावर दोन्ही कोपरे व हात टेकवून पाय मागे न्या आणि अंग लाकडी फळीसारखे सरळ धरा. दहा सेकंद थांबा. नंतर जमिनीवर कोपरे व गुडघे टेकून आणि मग कोपरे व चवड्यांवर करा. कंबर खाली झोळीसारखी लोंबू देऊ नका. श्वास चालू ठेवा.

केवळ शरीराच्या वजनावर केलेल्या व्यायामात एक उणीव राहते. ढकलण्याचे स्नायू वापरले जातात, ओढण्याचे राहून जातात. पूर्वी रहाटाचा दोर हे काम करून घेत असे. त्यासाठी कापडी पिशवीत पाण्याच्या एक-दोन बाटल्या घाला, एक हात ओट्यावर टेकून थोडे पुढे वाका आणि दुसऱ्या हाताने पिशवी कमरेपर्यंत ओढा. प्रत्येक हाताने आठ-दहा वेळा करा.

६. बारा आठवड्यांचा आराखडा

जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनानुसार प्रौढांनी आठवड्यातून किमान दोन दिवस सर्व मुख्य स्नायूंचा ताकदीचा व्यायाम करावा आणि त्याशिवाय आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे भरभर चालण्यासारखी हालचाल करावी. वय ६५ च्या पुढे असलेल्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद या दोन्हींचा सराव करावा. काहीच न करण्यापेक्षा थोडे केलेले बरे, हेही त्याच मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे.

आपण सोमवार, बुधवार व शुक्रवार हे तीन दिवस धरू. मधले दिवस विश्रांतीचे व चालण्याचे. स्नायू विश्रांतीतच भरून निघतात, म्हणून उत्साहाच्या भरात हे व्यायाम रोज करू नका.

पहिला व दुसरा आठवडा : प्रत्येक व्यायाम ८ वेळा, फळी १० सेकंद. एकच फेरी. आठ-दहा मिनिटांत आटोपते.

तिसरा ते सहावा आठवडा : दोन फेऱ्या, प्रत्येकी ८ ते १० वेळा, फळी १५ ते २० सेकंद. दोन फेऱ्यांमध्ये एक-दोन मिनिटे विसावा.

सातवा ते बारावा आठवडा : दोन किंवा तीन फेऱ्या, प्रत्येकी १० ते १२ वेळा, फळी ३० सेकंदांपर्यंत.

दर वेळी अंगात आणखी दोन-तीन वेळा करण्याइतकी ताकद शिल्लक असतानाच थांबा. एखादा व्यायाम सलग दोन दिवस सगळ्या फेऱ्यांत १२ वेळा सहज जमला, तर त्याचा पुढचा, थोडा अवघड प्रकार घ्या आणि पुन्हा ८ पासून सुरुवात करा. मायलोचे वासरू असेच वाढले.

पहिल्या तीन-चार आठवड्यांत ताकद वाढलेली जाणवेल, पण आरशात फरक दिसणार नाही. त्या काळात मेंदू व नसा असलेल्याच स्नायूंना नीट कामाला लावायला शिकत असतात. स्नायू दिसण्याइतके भरायला त्याहून बराच अधिक वेळ लागतो. बरेच जण आरशावर विसंबून नेमके याच काळात सोडून देतात.

७. टिकवण्याचे सहा नियम

पहिला नियम : चालू सवयीला जोडा. "सकाळी करीन" हे ठरवणे ढिले आहे. "चहाचे आधण ठेवले की उठाबशा" हे पक्के आहे. दात घासणे, अंघोळ, संध्याकाळची जपमाळ या गोष्टी आपल्या घरांत ठरलेल्या आहेत. त्यांतील एकीच्या लगेच आधी किंवा नंतर व्यायाम बसवा. मग वेगळी आठवण ठेवावी लागत नाही.

दुसरा नियम : किमान ठरवा. दमून आलात, पाहुणे आले, डोके दुखते आहे, अशा दिवसासाठी सर्वात लहान मात्रा आधीच ठरवून ठेवा. उदाहरणार्थ पाच उठाबशा. त्या दिवशी तेवढ्या केल्या की व्यायाम झाला असे प्रामाणिकपणे समजा. स्नायूंना त्याचा फारसा लाभ नसेल, पण सवय जिवंत राहते.

तिसरा नियम : खूण करा. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेनने एक फुली मारा. मोबाइलमधील ॲपपेक्षा हे बरे, कारण भिंतीवरची फुली सगळ्या घराला दिसते आणि नातवंडे रिकाम्या चौकटीबद्दल विचारतात.

चौथा नियम : एकदा चुकले तर चालेल, लागोपाठ दोनदा नको. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ लोकांच्या नव्या सवयींचा बारा आठवडे अभ्यास करून निष्कर्ष मांडले. एखादी कृती आपोआप घडू लागण्यासाठी साधारण ६६ दिवस लागले. काहींना १८ पुरले, तर काहींना अंदाजाने २५४ लागतील असे दिसले. एकवीस दिवसांत सवय लागते हा समज त्यामुळे टिकत नाही. एखादा दिवस चुकल्याने सवय घडण्यात फारसा अडथळा येत नाही, हेही या अभ्यासात आढळले. म्हणजे चुकलेला दिवस घातक नसतो. "आता मोडलेच, पुढच्या महिन्यापासून पाहू" हा त्यानंतरचा विचार घातक असतो.

पाचवा नियम : वजनकाट्याला न्यायाधीश करू नका. फक्त व्यायामाने वजन फारसे घटत नाही, त्याला ताटातला बदल लागतो. काट्यावर आकडा हलला नाही म्हणून व्यायाम फुकट गेला असे मानणे अन्यायाचे आहे. मोजायचे तर दुसरे मोजा: ३० सेकंदांतील उठाबशा, जिना चढताना लागणारी धाप, हात न टेकता जमिनीवरून उठता येते की नाही. हे आकडे लवकर बदलतात.

सहावा नियम : सोबत घ्या. पती-पत्नी, सासू-सून, आजोबा-नातू कोणीही चालेल. एकाने करायचे, दुसऱ्याने मोजायचे. २०२० च्या टाळेबंदीत अनेक घरांत मोबाइलवर पाहून व्यायाम सुरू झाला. टाळेबंदी उठल्यावर त्यातला बराचसा थांबला. पडद्यावरचा शिक्षक आपण आलो नाही तर विचारपूस करीत नाही, घरचा माणूस करतो.

८. काही नेहमीचे प्रश्न

"मी दिवसभर घरकाम करते, मला वेगळा व्यायाम कशाला?" घरकाम ही खरी मेहनत आहे आणि तिला हालचाल म्हणून पूर्ण किंमत आहे. पण त्यात तेच तेच स्नायू त्याच मर्यादेत वापरले जातात, ओझे वाढत नाही आणि काही स्नायूंना कामच मिळत नाही. म्हणून दिवसभर राबूनही कंबर दुखते आणि मांड्या दुबळ्या राहतात. शिवाय बायकांनी व्यायाम करायचा म्हटला की घरातील इतरांनी दहा मिनिटे भांडी आवरावीत, हे पुरुष मंडळींना सांगणे आहे.

"माझे गुडघे दुखतात." गुडघ्याच्या झिजेवर मांडीचे स्नायू बळकट करणे हा मान्यताप्राप्त उपचार आहे. खुर्ची उंच घ्या, उशी ठेवून आणखी उंच करा, दुखणार नाही एवढ्याच मर्यादेत उठबस करा. दुखणे वाढत गेले किंवा सूज आली तर डॉक्टरांना दाखवा.

"मी पहाटेची लोकल पकडतो, रात्री आठला येतो." मग सोमवार-बुधवार-शुक्रवारचा हट्ट सोडा. रविवार आणि मधला एक दिवस, एवढे दोन दिवसही ताकदीसाठी पुरेसे धरले आहेत.

"लोक हसतील." म्हणून तर व्यायाम घरात सांगितला आहे. दार लोटून घ्या.

"पावसाळ्यात बंद पडते." चालणे बंद पडेल, ओटा आणि भिंत कोठे जाणार? नाताळ, लग्नसराई, आजारपण यांतही खंड पडेलच. आठवडाभर खंड पडला तर जेथे सोडले त्याच्या एक पायरी खालून सुरू करा. महिनाभर पडला तर पहिल्या आठवड्यापासून. दुसऱ्यांदा चढताना वेळ कमी लागतो.

घरी चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या घरातील कोणती कामे पूर्वी शरीराने होत आणि आता यंत्राने होतात? त्यांतील एखादे काम आठवड्यातून एकदा हाताने करता येईल का?

२. व्यायाम यापूर्वी सुरू करून सोडला असेल तर तो नेमका कितव्या दिवशी आणि कशामुळे सुटला? त्या दिवसासाठी आपले 'किमान' काय असते?

३. आपल्या घरी किंवा शेजारी खुर्चीतून उठताना त्रास होणारे कोण आहे? त्यांच्यासोबत बसून मोजण्याचे काम कोण करील?

आज रविवार आहे. आराखडा सोमवारपासूनचा असला तरी त्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आज दुपारी जेवायला बसण्यापूर्वी त्याच खुर्चीवर पाच उठाबशा काढा आणि कॅलेंडरवर पहिली फुली मारा. तीस सेकंदांची चाचणीही आजच करून आकडा लिहून ठेवा. बारा आठवड्यांनी तो पुन्हा मोजा आणि चर्चच्या आवारात भेटाल तेव्हा मला दोन्ही आकडे जरूर सांगा.

आपला,
फादर